पायरीवरच्या बाटल्या

आमच्या वसाहतीत आजारी माणसाच्या आधी त्याची बाटली दवाखान्यात पोचायची. मी असं म्हटलं की माझी सून हसते, कारण तिच्या लेखी बाटली म्हणजे एकच. त्यातून आडवी बाटली म्हटलं तर तिला थेट दारूबंदीचं मतदान आठवतं. तिचं काही चुकत नाही. पण आमची बाटली औषधाची होती, आणि ती आडवी करायची वेळ आपल्यावर येऊ नये असं आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला वाटायचं.

मी शाळेत होते तेव्हापासूनची, म्हणजे सत्तरच्या दशकातली ही पद्धत. नाशिकरोडला, बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि कंपाउंडरची खिडकी, आतल्या खोलीत डॉक्टरांचं टेबल आणि हिरव्या पडद्यामागे एक लोखंडी खाट. दवाखाना सकाळी उघडायचा, दुपारी बंद व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचा. औषध बहुतेक पातळच असायचं आणि ते न्यायला बाटली घरून आणावी लागायची. कंपाउंडर तीत लाल नाहीतर गुलाबी औषध भरायचा आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची एक पट्टी खळीने चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस.

दवाखाना उघडायच्या बराच आधी लोक बाहेरच्या दगडी पायरीवर आपापल्या बाटल्या ओळीने लावून जायचे. बाटली म्हणजे नंबर. ती एकदा ठेवली की बाई घरी जाऊन भाकरी टाकून यायची, माणूस केस कापून यायचा. दुसऱ्याच्या बाटलीला कुणी हात लावत नसे. आमची बाटली चौकोनी होती, कसल्याशा टॉनिकची, आणि तिच्या मानेला आईने निळा दोरा बांधला होता. समोरच्या मास्तरीणबाईंची हिरवी. ज्यांची टोपणं हरवली होती त्यांच्या तोंडात कागदाचा बोळा. पायरीवर नुसती नजर टाकली तरी आज कुणाच्या घरी दुखणं आहे ते कळायचं. आई भाजी आणायला जाताना मुद्दाम त्या बाजूने जायची आणि आल्यावर आम्हाला सगळ्या बातम्या द्यायची.

आणि एखाद्या घरी खरंच कठीण असेल, म्हणजे लेकराला झटके आलेत, विंचू चावलाय, रक्त थांबत नाहीये, तर ओळीच्या तोंडाशी बाटली आडवी ठेवायची. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी केला नव्हता, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. आडवी बाटली दिसली की ते स्कूटर धड उभीही न करता विचारायचे, "कुणाची?" ज्याची असेल तो आत जायचा. मागचे का, कशाला म्हणून विचारत नसत. आपलं दुखणं बाटली आडवी करण्याएवढं आहे का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. खोटी आडवी केली असती तर तोंडावर कुणी बोललं नसतं, पण त्या माणसाच्या बायकोला पुढे वर्षभर नळावर ऐकून घ्यावं लागलं असतं.

गल्लीतल्या एका गृहस्थांची बाटली चपटी होती. ती मुळात कशाची होती ते सांगायला नको. वारा आला की ती पडायची. एकदा ती ओळीत पहिली होती आणि पडली. डॉक्टर आले, "कुणाची?" म्हणाले, गृहस्थ पुढे झाले, सगळ्यांनी वाट दिली, दोघी-तिघी बायका हळहळल्या. हे महाशय गजकर्ण दाखवायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे तपासलं, मलम दिलं आणि दारात येऊन गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना सांगितलं, "धोका टळला." त्यानंतर कंपाउंडरने पायरीवर चपटी बाटली ठेवायला बंदी घातली. आमच्याकडे आडवी बाटली बोलण्यातही आली होती. पोरगी बी.ए. झाली की शेजारणी तिच्या आईला म्हणायच्या, "आता बाटली आडवी करा, किती दिवस रांगेत बसणार?"

मोठा दवाखाना शहरात होता. तिथे रात्रंदिवस डॉक्टर असायचे, हे आम्हाला माहीत होतं. पण अख्ख्या जिल्ह्याची दुखणी तिथे यायची. येवल्याची, मालेगावची, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून झोळीत घालून आणलेली माणसं. तिथे आपलं कापलेलं बोट घेऊन जायची लाज वाटायची. शिवाय एखाद्याला मोठ्या दवाखान्यात नेलं म्हणजे आता काही खरं नाही, असं आमच्याकडे समजत. पेशंटला खाट मिळायच्या आत नातेवाइकांना तारा जायच्या. म्हणून पडलं, भाजलं, कापलं, दम लागला, काहीही झालं तरी पहिलं पाऊल डॉक्टरांच्या पायरीवर. डॉक्टर मोजकं बोलायचे. "घरी जा" म्हणाले तर चिंता नव्हती. "पडा इथे" म्हणाले तर पडद्यामागच्या खाटेवर सलाइन लागायचं. आणि "न्या" म्हणाले तरच रिक्षा बोलवायची.

मी स्वतः त्या पायरीवर आडव्या बाटलीची पेशंट म्हणून गेलेली आहे. नळाच्या दगडावर आपटून माझी हनुवटी फुटली होती. आईने एका हाताने माझी हनुवटी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने बाटली आडवी केली. टाके घालताना डॉक्टर मला पाढे म्हणायला लावत होते. मी एकोणतीसच्या पाढ्यात अडकले आणि रडायला लागले, तर ते म्हणाले, "आता रडून काय उपयोग? टाके कधीच झाले." संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. त्यांनी माझी हनुवटी पाहिली, मला मांडीवर घेतलं आणि मग आईला विचारलं, "रांगेत कोण कोण होतं? कुणाचं काही अडलं नाही ना?" आईने त्यांना जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

बाबांचं हे असं का होतं, ते सांगायला हवं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं गाव सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावर. त्यांच्या लहानपणी गावात एक वैद्य होते. माणूस वाईट नव्हता, असं बाबा दर वेळी आधी सांगायचे. पण आमच्या माणसांना ते सगळ्यांच्या शेवटी बघायचे. आमची माणसं भल्या पहाटे जाऊन बसलेली असली तरी मागून आलेले सगळे आधी. ऊन डोक्यावर आलं की वैद्य उंबऱ्याच्या आत उभे राहून विचारायचे, काय होतंय. नाडी बघायचा प्रश्नच नव्हता. औषधाची पुडी वरून टाकायचे आणि माझी आजी ती पदरात झेलायची. बाबांची धाकटी बहीण तापाने गेली. त्या दिवशीही आजी तिला मांडीवर घेऊन वैद्यांच्या अंगणात बसली होती, आपली पाळी यायची वाट बघत. बाबा शेजारी बसले होते. ते तेव्हा लहान होते, पण आपल्या मागून कोण कोण आलं आणि आत गेलं, ते त्यांना म्हातारपणीही सांगता यायचं.

पुढे आम्ही बौद्ध झालो, बाबा शिकले, शहरात नोकरीला लागले. लग्न झाल्यावर त्यांनी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, "आपल्या घरातल्या बाईने आता कुणापुढे पदर पसरायचा नाही." आईला हे फार आवडलं होतं. तिने ते जन्मभर पाळलं. शेजारी विरजण मागायची वेळ आली तरी ती त्या दिवशी दही लावायची नाही.

त्यामुळे दवाखान्याची ती पायरी बाबांच्या फार जिव्हाळ्याची होती. ते बाटली ठेवायचे ती पुढच्या बाटलीला चिकटवून, काच काचेला लागेल अशी. आधी येईल त्याचा नंबर आधी. मास्तरीणबाई असोत, हमाल असो, नाहीतर बाजारात फुलं विकणारी मळ्यातली बाई असो. "याच्याहून मोठा न्याय मी पाहिलेला नाही," ते म्हणायचे. दुसऱ्याची आडवी बाटली दिसली तर वाट द्यायला तेच सगळ्यांच्या आधी उठायचे. स्वतःची मात्र कधी आडवी करू द्यायचे नाहीत. एकदा पायात खिळा घुसला होता तरी ओळीत बसून राहिले, जोड्यात रक्त साठलेलं. आईने त्यांना हट्टी म्हटलं की ते हसायचे. मला कळायचं ते का हसतात, पण राग यायचाच. मी आईच्या वळणावर गेलेय.

मी कॉलेजात होते त्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. दुपारी आई खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "हे सायकल ढकलत का येतायत?" मी पाहिलं तर बाबा सायकलचं हँडल धरून, तिचाच आधार घेत येत होते. कचेरी सुटायला अजून वेळ होता. चाकात हवा होती.

घरात येऊन ते खुर्चीत बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. "पित्त झालंय," म्हणाले. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, डावा हात जड झालाय, लिंबूपाणी दे. लिंबूपाणी दिलं तर दोन घोट घेऊन खाली ठेवलं. आईने त्यांच्या कपाळाला हात लावला. ते गार होतं आणि ओलं होतं.

"आपण मोठ्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"मोठ्या दवाखान्यात जायला मला काय धाड भरलीय? डॉक्टर येतीलच थोड्या वेळात. बाटली तेवढी नेऊन ठेव."

आईने फडताळातली चौकोनी बाटली घेतली आणि चपला न घालता निघाली. मागून मी बाबांना धरून हळूहळू चालत गेले. दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी बाबा वाटेत दोनदा थांबले. पहिल्यांदा कुणाच्यातरी दारातली तुळस बघायला थांबल्यासारखं दाखवलं. दुसऱ्यांदा काही दाखवलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दवाखाना उघडायची वेळ होत आली होती आणि लोक जमले होते. ओळीच्या तोंडाशी आमची बाटली आडवी होती. निळा दोरा लांबूनच दिसला. बाबांनीही पाहिला. ते भिंतीला टेकून क्षणभर उभे राहिले, मग वाकले. मी "वाकू नका" म्हणेपर्यंत त्यांनी बाटली उचलली, ओळीच्या शेवटापर्यंत गेले आणि शेवटच्या बाटलीला चिकटवून उभी केली.

"आपला नंबर इथे आहे," ते म्हणाले.

आईने ती पुन्हा उचलली आणि पुढे नेऊन आडवी केली. बाबा पुन्हा गेले, पुन्हा मागे आणून उभी केली. आता ते खाली पायरीवरच बसले आणि बाटलीवर हात ठेवून बसले.

"अहो, तुमचं तोंड बघा कसं झालंय."

"माझ्या आधी लोक आलेत. त्यांनाही काहीतरी होतंय म्हणूनच आलेत ना?"

"नंबर माणसासाठी असतो का माणूस नंबरासाठी?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत," आई म्हणाली.

तिने एकदा बाटलीवरचा त्यांचा हात काढायला बघितलं. मग सोडून दिलं. बाबांनी डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की त्यांच्या हातातून बाटली ओढून फोडून टाकावी. आपलं माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार असं वाटलं की रडू यायच्या आधी राग येतो, हे मला तिथे कळलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. स्कूटरचा आवाज कुठूनच येत नव्हता.

माझ्या शेजारून आई उठून गेली. मला वाटलं, तीही स्कूटर बघायला गेली. पण ती ओळीच्या पुढच्या टोकाशी गेली. तिथे फुलवाल्या मावशी बसल्या होत्या, त्यांचा खोकणारा नातू मांडीवर. पळशाच्या बाजूला त्यांचा मळा होता. रोज झेंडू आणि शेवंतीच्या पाट्या घेऊन त्या बाजारात यायच्या. त्यांची आमची ओळख फुलं घेण्यापुरती. पहिला नंबर त्यांचा होता. आई त्यांच्यासमोर वाकली आणि काहीतरी बोलली. बोलताना तिने पदराचं टोक दोन्ही हातांत धरून पुढे केलं. ते मी पाहिलं आणि मान फिरवली. मला बघवलं नाही.

मावशींनी बाबांकडे पाहिलं. मग नातवाला कडेवर घेतलं, आपली बाटली उचलली, आमच्यापर्यंत चालत आल्या आणि ती आमच्या बाटलीच्या मागे ठेवली. काचेचा दगडावर आवाज झाला.

आईने त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं. त्यांच्या पाठोपाठ मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी आपली हिरवी बाटली आणून मावशींच्या बाटलीमागे ठेवली, पाठ दुखत होती म्हणून कमरेवर हात ठेवून. मग हात गळ्यात बांधलेला एक हमाल उठला, त्याने डाव्या हाताने आणली. ज्यांच्या चपट्या बाटलीला बंदी झाली होती ते गृहस्थही होते, आता त्यांच्याकडे गोल बाटली होती. ते आले, बाटली ठेवली आणि उगीचच टोपी सारखी करत उभे राहिले. एका तरुण पोरीच्या खांद्यावर तापाने फणफणलेलं बाळ होतं. तिने बाळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तीही उठली. ती येताना आईने तोंडात पदर कोंबला. दगडावर एकामागून एक काचेचे आवाज होत गेले आणि आमची चौकोनी बाटली जागची न हलता पहिली झाली.

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी पुढे पाहिलं. पुढे रिकामी पायरी होती. मग मागे पाहिलं.

"मी शेवटी होतो," ते म्हणाले.

"व्हता ना," मावशी म्हणाल्या. "आता फुडं हाय."

"असं नको. तुम्ही सगळे आधी आलात."

"आमची बाटली हाय, आमी कुठं बी ठिवू. तुमची कुनी हलवली का? नाय ना? मंग गप बसा."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला, पण हात वर जाईना. मीच माझ्या ओढणीने पुसलं. मला तेव्हा ते दुखण्याचं पाणी वाटलं.

डॉक्टर आले तेव्हा पायरीवर एकही बाटली आडवी नव्हती. पण सगळे उभे होते आणि बाबा एकटे बसले होते. डॉक्टरांनी "कुणाची?" विचारलं नाही. त्यांनी एका बाजूने आणि हमालाने आपल्या चांगल्या हाताने धरून बाबांना आत नेलं. पडद्यामागून मला डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता, जिभेखाली धरा, चावू नका, बोलू नका. त्यांनी इंजेक्शन दिलं. नळी बाबांच्या छातीवरून उचलली, परत ठेवली, आणि आईकडे बघून म्हणाले, "न्या." मग कंपाउंडरला म्हणाले, "मी यांच्याबरोबर जातो. थांबतील त्यांना थांबू दे."

रिक्षात बाबांचं डोकं डॉक्टरांच्या खांद्यावर होतं आणि डॉक्टरांची बोटं सगळा रस्ता त्यांच्या नाडीवर. मला वैद्यांची गोष्ट आठवत होती. बाबांनाही आठवत असावी, कारण ते आपल्या मनगटाकडेच बघत होते.

मोठ्या दवाखान्यात त्यांना ताबडतोब आत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन काही विचारलं, मग आईजवळ येऊन म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. आई भिंतीशी खाली बसली. मग म्हणाली, "मावशींना मी सांगितलं, हे त्यांना कळू देऊ नकोस. लोक आपणहून उठले असंच त्यांना वाटू दे." थोडं थांबून म्हणाली, "आणि पदराचं तर मुळीच नको." मी तिला जवळ घेतलं. आमच्याकडे आईला जवळ घ्यायची पद्धत नव्हती, तरी घेतलं.

इकडे पायरीवरची माणसं घरी गेलीच नव्हती. हे मला नंतर कंपाउंडरने सांगितलं. डॉक्टर परतले तेव्हा सगळे तसेच बसून होते आणि तापाच्या बाळाच्या कपाळावर मास्तरीणबाई ओल्या रुमालाची घडी ठेवत होत्या. डॉक्टर पायरीपाशी थांबले आणि म्हणाले, "धोका टळला." ही दवाखान्याची जुनी थट्टा होती, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मग त्यांनी त्या बाळाला आधी घेतलं. त्याची बाटली आडवी करून ठेवली होती, आणि ती करणाऱ्या फुलवाल्या मावशी होत्या.

बाबा बरे झाले. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी ही गोष्ट येईल त्याला सांगितली. पाहुण्याच्या हातात चहाचा कप गेला की ते सुरू व्हायचे. आजाराबद्दल ते फारसं बोलायचेच नाहीत. बोलायचे ते बाटल्यांबद्दल. हिरवी कशी आली, हमालाने डाव्या हाताने कशी आणली. "माझ्या आईला पुडी पदरात झेलावी लागली," ते म्हणायचे, "आणि माझ्यासाठी अख्खी रांग मागे गेली. कुणी सांगितलं नाही हो त्यांना. आपणहून." त्या वेळी आई स्वयंपाकघरात कणीक मळत असायची. मान वर करायची नाही. आमची नजरानजर झाली तर ती मला डोळ्यांनीच गप्प करायची.

आणखी एक बदल झाला. त्यानंतर बाबा दवाखान्यात गेले की आईला म्हणायचे, "तूच ठेव बाटली, तुला वाटेल तशी." आईने ती परत कधी आडवी केली नाही. तशी गरजही पडली नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्यांचं हृदय थकलं. आता डॉक्टरच घरी यायचे. बाबा खिडकीशी खाटेवर असायचे, बोलताना धाप लागायची. मी माहेरी येऊन राहिले होते. एका सकाळी आई भाजी आणायला गेली होती आणि मी त्यांना उशा लावून बसवत होते. ते म्हणाले, "तुझी आई तेव्हा मावशींकडे गेली होती."

मी काही न कळल्यासारखं केलं. "कधी?"

"डोळे मिटले होते, पण सारखे मिटता येत नव्हते. दुखत होतं ना." ते थांबले. "पदर पसरला तिने. माझ्यासाठी."

इतकी वर्षं आईने जपलेलं त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते पाहुण्यांना सांगत होते, कुणी सांगितलं नाही म्हणून. मी म्हटलं, "मग तुम्ही सगळ्यांना आपणहून, आपणहून का सांगत होता?"

"मावशींना तिने सांगितलं. बाकीच्यांना कुणी सांगितलं होतं? मी नीट बघितलं. एकेक जण उठला." त्यांना धाप लागली, मी पाठीवर हात फिरवत राहिले. मग ते म्हणाले, "तिला बोलू नकोस हं यातलं. मला माहीत नाही, असं तिला वाटतं. तसंच राहू दे."

मी नाही बोलले. दोघांनीही मला एकाच गोष्टीची शपथ घातली होती आणि मी दोघांचीही पाळली. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

थोड्या वेळाने आई आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून ती त्यांच्या पायाशी खाटेवर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. बाबा तिच्या हातातल्या त्या पदराकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आज पायरीवर कुणाकुणाच्या बाटल्या होत्या?" आणि ती एकेक करून सांगायला लागली.